विकायच्या घराचे फोटो

प्रश्न : नेरूळला आमचं वन-बीएचके घर आहे. चौथा मजला, हॉल आणि बेडरूमच्या खिडक्या पश्चिमेला. मुलाच्या नोकरीमुळे पुण्याला जायचं ठरलं, म्हणून घर विकायला काढलं आहे. एजंट म्हणाले, 'शनिवारी फोटो काढायला येतो, घर मोकळं करून ठेवा.' चार माणसांच्या घरात मोकळं म्हणजे नेमकं काय करायचं? सासूबाईंचं म्हणणं, देव्हारा आणि सासऱ्यांचा हार घातलेला फोटो हलवायचा नाही. बेडरूमच्या भिंतीला दर पावसाळ्यात ओल येते, तिच्यावर रंगाचा हात मारून घ्या, असं एजंट सुचवतात. आणखी एक कुतूहल आहे. त्यांच्या फोनमध्ये दुसऱ्या घरांचे फोटो पाहिले. आमच्याएवढेच हॉल, पण दुप्पट मोठे दिसत होते. हे कसं होतं? मी काढलेले सहा फोटो सोबत पाठवते आहे.
– एक वाचक, नेरूळ

उत्तर : तुमच्या कुतूहलापासून सुरुवात करते, कारण ते उलगडलं की अर्धी तयारी आपोआप समजते.

हल्लीच्या बऱ्याच फोनांना मागच्या बाजूला दोन-तीन भिंगं असतात. कॅमेरा उघडल्यावर पडद्यावर '१' दिसतं, ते मुख्य भिंग. '०.५'वर बोट ठेवलं की फार रुंद पाहणारं दुसरं भिंग सुरू होतं. छायाचित्रकारांच्या मापात पहिलं साधारण २४ ते २६ मिलिमीटरचं आणि दुसरं १३च्या आसपासचं. हा आकडा लहान झाला की भिंगात मावणारा कोन मोठा होतो. एजंटांच्या फोनमधले फोटो बहुधा या रुंद भिंगाने काढलेले असणार. दारात उभं राहून त्याने दहा बाय चौदाचा हॉल टिपला तर तिन्ही भिंती, छत आणि जमीन एकाच चौकटीत येतात. सगळं मावतं, पण त्याची किंमत मोजावी लागते. जवळच्या वस्तू ताणल्या जातात आणि समोरची भिंत खूप मागे सरकते. कडेचा सोफा रेल्वेच्या बाकाएवढा लांब होतो. छताचा पंखा चौकटीच्या कडेला आला तर अंड्यासारखा दिसतो, भिंतीवरचं गोल घड्याळ लंबगोल होतं.

हे भिंग अजिबात वापरू नये असं मी म्हणणार नाही. बाथरूममध्ये किंवा ड्राय बाल्कनीत मागे सरकायलाच जागा नसते. तिथे मुख्य भिंगात नळ आणि बादली एवढंच येतं. पण हॉल, बेडरूम आणि स्वयंपाकघर मुख्य भिंगानेच काढायला एजंटांना सांगा. एक फोटो पुरत नसेल तर दोन कोपऱ्यांतून दोन काढावेत. फुगवलेला फोटो पाहून आलेलं कुटुंब दार उघडताच म्हणतं, 'एवढाच हॉल?' त्यानंतर ते घर पाहत नाही, घरातल्या उणिवा शोधतं. तुमचा रविवार जातो, त्यांचाही जातो.

भिंग न बदलता खोली मोठी दाखवायचा सरळ मार्ग आहे, तो म्हणजे जमीन. खोलीचा अंदाज आपला डोळा जमिनीवरून घेतो. तुमच्या पहिल्या फोटोत मी मोजल्या, हॉलच्या फक्त सहा फरशा पूर्ण दिसतात. बाकीच्या जमिनीवर चपलांचा रॅक, गाद्यांची वळकटी, इस्त्रीचं टेबल, पाण्याचे दोन कॅन आणि दिवाणाखालून डोकावणाऱ्या बॅगा आहेत. 'मोकळं करा' याचा अर्थ जमिनीवरचं सामान उचला, इतकाच घ्या. दिवाण राहू द्या, कपाट राहू द्या, टीव्ही राहू द्या. जे पायांवर उभं आहे ते राहील. जे जमिनीवर टेकून, रेलून किंवा कोंबून ठेवलं आहे ते तेवढ्यापुरतं बाजूला जाईल.

बाजूला म्हणजे कुठे, हा वन-बीएचकेतला खरा प्रश्न. जिन्यात ठेवलं तर सोसायटी बोलणार, आणि जिना अडवूही नये. सामान फिरतं ठेवा. हॉलचे फोटो काढताना सगळं बेडरूममध्ये न्या, बेडरूमचे काढताना तेच हॉलमध्ये आणा. स्वयंपाकघराच्या वेळी ओट्यावरच्या वस्तू जेवणाच्या टेबलावर किंवा थेट दिवाणावर जाऊ देत. दोन माणसं हाताशी असली तर तासाभरात होतं. एजंटांना मात्र आधी सांगून ठेवा की खोल्या एकामागून एक काढायच्या आहेत, म्हणजे ते घाई करणार नाहीत.

विकायचं घर सजवून दाखवायची रीत अमेरिकेत १९७०च्या दशकात सुरू झाली. तिचं श्रेय बार्ब श्वार्ट्झ या घरविक्री करणाऱ्या बाईंना दिलं जातं. तिथे घरातलं निम्मं सामान भाड्याच्या गोदामात ठेवतात, भाड्याने सोफे आणि चित्रं आणतात, घरमालकाची खूण उरू देत नाहीत. नेरूळच्या वन-बीएचकेला त्याची गरज नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. आपल्याकडे घर बघायला येणाऱ्यांना कपाट कुठे मावेल, पाहुणे आले तर गाद्या कुठे पडतील, वॉशिंग मशीनचा नळ कुठे आहे, हे पाहायचं असतं. नांदतं घर त्यांना हे सगळं सांगतं. रिकाम्या खोलीत पलंग बसेल की नाही हेच कळत नाही.

स्वयंपाकघराकडे मात्र नीट लक्ष द्या, कारण तुमच्या सहा फोटोंत सर्वांत कमकुवत फोटो तोच आहे. ओटा चांगला काळा ग्रॅनाइटचा आहे, पण मिक्सर, तेलाची बरणी, मिसळणाचा डबा, ताटांचा रॅक आणि प्लास्टिकच्या पिशव्यांची पिशवी यांनी तो झाकून टाकला आहे. शेगडी आणि पाण्याचा फिल्टर सोडून सगळं हलवा. ओटा कोरड्या कापडाने पुसा, ओला राहिला तर डाग चमकतात. पाइपगॅस आला असेल तर त्याचा मीटर फोटोत येऊ द्या, घेणाऱ्याच्या दृष्टीने तो मोठा मुद्दा असतो. माळ्यावरच्या गोण्या आणि खोकी फार दिसत असतील तर समोर एक साधी चादर ताणून लावा. पण माळा आहे हे कळू द्या. आपल्या शहरात लोक माळा विचारूनच घेतात.

फ्रिजचा दरवाजा पूर्ण मोकळा करा. त्यावर चिकटवलेलं शाळेचं वेळापत्रक, डॉक्टरांचा कागद, फोन नंबर, सगळं काढा. भिंतीवरचं कालनिर्णयही तेवढ्यापुरतं उतरवा. त्यात दुधाचा आणि पेपरचा हिशेब लिहिलेला असतो, ते एक झालं. दुसरं म्हणजे जाहिरात चार महिने चालली तर फोटोतला महिना वाचून येणारा प्रत्येक जण विचारील, 'इतके दिवस का विकलं गेलं नाही?' आणि त्याच धाग्याने भाव पाडायला लागेल.

आता उजेड. तुमचे सहाही फोटो दुपारी साडेतीन-चारच्या सुमाराचे असावेत. पश्चिमेचं ऊन खिडकीतून आत आलं आहे, जमिनीवर एक पांढराफेक पट्टा पडलाय आणि उरलेली खोली काळवंडली आहे. पश्चिमेच्या खोल्या सकाळी नऊ ते अकराच्या दरम्यान काढाव्यात. तेव्हा सूर्य इमारतीच्या मागे असतो, खोलीत आभाळाचा मऊ उजेड येतो आणि समोरच्या इमारतींवर, झाडांवर ऊन असल्यामुळे खिडकीबाहेरचंही स्वच्छ दिसतं. पूर्वेच्या खोल्यांसाठी याच्या उलट, दुपारनंतर. दक्षिणेच्या खिडकीचं थोडं वेगळं आहे. डिसेंबरात नवी मुंबईत भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४७-४८ अंशांवर असतो, म्हणून ऊन पाच-सहा फूट आत शिरतं. मेच्या मध्यात तोच सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि खोलीत ऊन येतच नाही. ढगाळ दिवसाला घाबरू नका. भर पावसात काढू नये, पण ढगांचा सारखा पसरलेला उजेड छोट्या खोलीला फार चांगला असतो.

पडदे पूर्ण बाजूला बांधा. सरकत्या खिडकीची जाळी मागे सारा, काचा पुसा आणि खालच्या खाचेतली माती जुन्या टूथब्रशने काढा. दिवे लावायचे तर एकाच रंगाचे लावा. तुमच्या हॉलमध्ये एका बाजूला निळसर पांढरी ट्यूब आणि दुसऱ्या बाजूला पिवळा बल्ब आहे. दोन्ही एकदम लावले की फोन गोंधळतो आणि भिंतीचा अर्धा भाग निळा, अर्धा केशरी येतो. सकाळच्या उजेडात दोन्ही बंद ठेवले तरी चालेल. पंखा बंद करा.

कॅमेरा छातीच्या थोडा खाली, जमिनीपासून चारेक फुटांवर धरायचा. बहुतेक जण डोळ्यासमोर धरून खाली झुकवतात, मग भिंती खाली निमुळत्या होत जातात आणि घर कलल्यासारखं वाटतं. कॅमेऱ्यातल्या आडव्या-उभ्या रेषा सुरू करून दाराची चौकट त्यांना समांतर ठेवा. हात हलत असेल तर स्टुलावर पुस्तकं रचून त्यावर फोन टेकवा आणि टायमर लावा. आणि सर्वांत आधी भिंग मऊ सुती कापडाने पुसा. स्वयंपाकघरात वावरलेल्या फोनवर तेलकट थर असतोच, तुमच्या तिसऱ्या फोटोतलं धुकं त्याचंच आहे.

ओलीच्या बाबतीत मी एजंटांच्या विरुद्ध सांगणार आहे. रंगाचा हात मारू नका. तुमची भिंत पश्चिमेची आहे. आपल्याकडे पावसाळी वारा नैऋत्येकडून येतो, म्हणून पश्चिम आणि दक्षिण बाजूच्या भिंतींवर पावसाचा मारा सर्वांत जास्त होतो. बाहेरच्या प्लास्टरला केसाएवढी चीर गेली तरी पाणी झिरपतं. भिंत वाळताना आतले क्षार पृष्ठभागावर येतात आणि रंगाला बाहेर ढकलतात, त्याचेच पोपडे होतात. बाहेरची चीर न बुजवता आतून लांबी आणि रंग लावला तर पुढच्या जूनमध्ये तोच डाग पुन्हा येणार, आणि तेव्हा घर दुसऱ्याचं झालेलं असेल.

कायदाही या बाबतीत बोलतो. १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५५ सांगतं की जो महत्त्वाचा दोष विकणाऱ्याला ठाऊक आहे, घेणाऱ्याला ठाऊक नाही आणि साधी काळजी घेऊनही त्याला सापडला नसता, तो विकणाऱ्याने सांगितला पाहिजे. हे तुमच्या सदनिकेलाही लागू आहे. दर पावसाळ्यात येणारी ओल नोव्हेंबरात रंगाखाली झाकली तर ती नेमकी अशा दोषात बसते.

करायचं ते असं. सोसायटीच्या सचिवांना लेखी अर्ज द्या, पोच घ्या. बाहेरच्या भिंतीतून पावसाचं पाणी येत असेल तर दुरुस्ती सोसायटीने करायची, असं आदर्श उपविधींत आहे. चीर बुजली, भिंत पूर्ण वाळली, की मग रंग. तेवढा वेळ नसेल तर भिंत आहे तशी दाखवा. माझ्या मावशीने कोपरखैरण्याचं घर विकलं तेव्हा आम्ही डाग असलेल्या कोपऱ्याचा एक फोटो मुद्दाम जाहिरातीत ठेवला आणि खाली लिहिलं, 'पावसाळ्यात ओल, गच्चीचं काम सोसायटीने मंजूर केलं आहे.' पाहायला फोन कमी आले, हे खरं. पण जे आले ते डाग आधीच पाहून आले होते. त्यांनी मंजुरीचं पत्र वाचायला मागितलं आणि मग स्वयंपाकघराबद्दल बोलायला लागले.

सासूबाईंचं म्हणणं बरोबर आहे. देवाला हलवू नका, कॅमेरा हलवा. तुमचा देव्हारा स्वयंपाकघराच्या ईशान्य कोपऱ्यात आहे. दाराच्या डाव्या बाजूने फोटो काढला तर तो चौकटीत येतच नाही. आलाच तरी बिघडत नाही. दिवा-उदबत्ती झालेली असू द्या आणि फुलं ताजी असू द्या. सासऱ्यांच्या फोटोचं मात्र वेगळं आहे, आणि हे सासूबाईंना तुम्हीच समजावून सांगा. जाहिरातीतला फोटो शेकडो अनोळखी माणसं पाहतात, आपल्या फोनमध्ये ठेवून घेतात, पुढे पाठवतात. घरातल्या माणसांचे चेहरे, मग ते गेलेल्यांचे असोत की लेकरांचे, त्या गर्दीत जाऊ नयेत. तसबीर उतरवायची नसेल तर ती भिंत चौकटीबाहेर ठेवा. भिंतीवरची शाळेची प्रशस्तिपत्रकं, दारावरची नावाची पाटी, खुंटीवरच्या किल्ल्या आणि औषधांचा डबा यांचंही तेच. आरशात फोटो काढणारा दिसत नाही ना, हे शेवटी तपासा.

ड्राय बाल्कनीतली दोरी आणि कपडे काढा, कबुतरांची घाण घासून धुवा. पण कबुतरजाळी फोटोत आली म्हणून एजंटांनी ती फोटोतून पुसायला सांगितलं तर पुसू नका. नवी मुंबईत जाळी बसवलेली असणं ही घेणाऱ्यासाठी वाचलेली कटकट आहे.

हॉलची बाल्कनी मात्र तुम्ही बंद करून हॉलमध्ये घेतलेली दिसते. ती दाखवा, पण 'मोठा हॉल' असं लिहू नका, 'बंद केलेली बाल्कनी' असं लिहा. रेरा या स्थावर मालमत्ता कायद्याच्या व्याख्येत कार्पेट क्षेत्रामध्ये भिंतींच्या आतली वापराची जागा आणि आतल्या पार्टिशनच्या भिंती येतात, बाल्कनी येत नाही. घेणाऱ्याने कर्ज काढलं तर बँकेचा मूल्यांकन करणारा मंजूर आराखडा हातात घेऊन येतो आणि फरक तिथे उघडा पडतो.

आणि घराबाहेरचे दोन फोटो विसरू नका. १९६५ साली चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी 'मार्ग' या नियतकालिकातून खाडीपलीकडच्या शहराची, म्हणजे नवी मुंबईची, कल्पना मांडली, १९७०मध्ये ते वसवायला सिडको स्थापन झाली, आणि हे शहर सेक्टरांत, स्टेशनं आणि मोकळ्या जागा धरून आखलं गेलं. त्यामुळे इथे माणूस घराबरोबर सेक्टरही विकत घेतो. कोरियांनी १९८०च्या दशकात आखलेल्या बेलापूरच्या आर्टिस्ट्स व्हिलेजमध्ये तर सात-सात घरं साधारण आठ मीटर लांबी-रुंदीच्या एकेका चौकाभोवती बसवली आहेत. तिथलं घर विकणाऱ्याने चौकाचा फोटो दिला नाही तर त्याने घराचा अर्धा भाग दाखवलाच नाही. तुमच्याकडे सोसायटीचं प्रवेशद्वार, समोरचं मैदान, जिना आणि लिफ्ट यांचा एकेक साधा फोटो घ्या. अटल सेतू किंवा फ्लेमिंगोंचे उसने फोटो लावू नका. खिडकीतून जे दिसतं तेच घराचं. नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ला प्रवासी उड्डाणं सुरू झाल्यापासून प्रत्येक जाहिरातीत विमानतळ 'काही मिनिटांवर' आलेला आहे. त्यापेक्षा स्टेशनपर्यंत एकदा स्वतः चालत जा, घड्याळ लावा आणि तो आकडा लिहा.

प्रश्न : खारघरला घर घ्यायचं आहे. महिनाभर फोनवर फोटो पाहतोय, प्रत्यक्ष गेल्यावर दहापैकी आठ घरांत निराशा होते. फोटोवरूनच खरी खोली ओळखता येईल का?
– एक वाचक, कुर्ला

उत्तर : बरीचशी येते. फरशा मोजा. गेल्या काही वर्षांत बसवलेल्या व्हिट्रिफाइड फरशा बहुतेक दोन फूट बाय दोन फुटांच्या असतात. भिंतीलगतची एक रांग धरून मोजत जा. लांबीला सात आणि रुंदीला पाच भरल्या तर हॉल चौदा बाय दहाचा, मग फोटोत तो कितीही प्रशस्त दिसो. भिंग खोली ताणतं, पण फरशांची संख्या वाढवू शकत नाही. सिडकोच्या जुन्या घरांत मोझेकच्या लहान लाद्या सापडतात. तिथे एजंटांना एका लादीचं माप विचारून घ्या. फरशी दिसतच नसेल तर दार धरा. आतल्या खोल्यांची दारं साधारण सात फूट उंच आणि अडीच ते तीन फूट रुंद असतात. खिडकीची रुंदी त्याच्याशी ताडून पाहा.

मग काय दाखवलेलं नाही ते पाहा. बारा फोटोंत एकाही खिडकीबाहेरचं दिसत नसेल आणि सगळे पडदे ओढलेले असतील, तर समोर हाताच्या अंतरावर दुसऱ्या इमारतीची भिंत असण्याची शक्यता धरा. तीन भिंती जुन्या रंगाच्या आणि एकच कोरी करकरीत असेल तर त्या भिंतीबद्दल थेट विचारा. बाथरूमचं छत दाखवायला सांगा, वरच्या मजल्याची गळती तिथेच दिसते. जायच्या आधी व्हिडिओ कॉल करा आणि तीन गोष्टी करायला सांगा : खिडकी उघडा, स्वयंपाकघराचा नळ सोडा, आणि दारापासून खिडकीपर्यंत चालत या. चालणाऱ्याची पावलं तुम्ही ऐकून मोजू शकता.

नव्या प्रकल्पातला नमुना फ्लॅट पाहताना ही सवय दुप्पट लावा. तिथे अनेकदा आतली दारं काढून टाकलेली असतात, भिंतीच्या जागी काच असते आणि पलंग नेहमीपेक्षा आखूड असतो. रेरा कायद्याच्या कलम १२मध्ये जाहिरातीइतकाच नमुना फ्लॅटचाही उल्लेख आहे. त्यातल्या खोट्या माहितीवर विसंबून पैसे भरले आणि नुकसान झालं, तर विकासकाने भरपाई द्यायची असते. म्हणून त्या दिवशी तुम्हीही फोटो काढून ठेवा, तारखेसकट.

आणि शक्य असेल तर पसंत पडलेलं घर एकदा जुलैत, धो-धो पाऊस असताना पाहा. खारघरच्या डोंगराचा हिरवा फोटो तेव्हाचाच असतो, भिंतीही तेव्हाच्याच पाहाव्यात.

प्रश्न : आमच्या पनवेलच्या रिकाम्या फ्लॅटच्या फोटोत एजंटने संगणकावर सोफा, पडदे आणि झुंबर घातलं. छान दिसतंय, पण मन खात आहे. हे चालतं का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : सोफा घातला तर चालेल, 'फर्निचर काल्पनिक आहे' असं त्याच फोटोवर ठळक लिहिलेलं असेल आणि शेजारी रिकाम्या खोलीचा खरा फोटोही असेल तर. काढून टाकणं मात्र चालणार नाही. भिंतीवरचा डाग, खिडकीसमोरची विजेची उच्चदाब वाहिनी, समोरची इमारत, उघड्या वायरी, यातलं काहीही पुसलं तर ती फसवणूक आहे, मग ते बोटाच्या एका स्पर्शाने का होईना. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने १ जानेवारी २०२६पासून नियमच केला आहे की विक्रीच्या जाहिरातीतला फोटो संगणकावर बदललेला असेल तर तसं स्पष्ट सांगायचं आणि मूळ फोटोही पाहायला उपलब्ध ठेवायचा. तुम्ही हा नियम इथे स्वतःहून पाळा. झुंबर काढायला सांगा. ते पाहून आलेला माणूस छताकडेच पाहत राहील.

नेरूळच्या वाचक भगिनींसाठी राहिलेलं थोडं. शनिवारी फोटो काढण्यापूर्वी एजंटांच्या आणि तुमच्या फोनच्या कॅमेऱ्यातली 'लोकेशन'ची सोय बंद करा, नाहीतर फोटोच्या आत घराचा नेमका ठावठिकाणा नोंदला जातो. फोटो एकमेकांना पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, म्हणजे त्यांची स्पष्टता कमी होणार नाही. सगळे आडवे काढा आणि पहिला हॉलचा, खिडकीसह लावा. बारा ते पंधरा पुरतात.

तुम्ही आम्हाला पाठवलेल्या पाचव्या फोटोत फ्रिजवर लावलेलं महावितरणचं बिल आहे. त्यावरचं नाव, पूर्ण पत्ता आणि ग्राहक क्रमांक सहज वाचता येतो. सहाही फोटो आम्ही पाहून पुसून टाकले आहेत. तुमच्या फोनमध्ये किंवा एजंटांकडे तोच फोटो असेल तर आजच काढून टाका, आणि यापुढे प्रश्नासोबत फोटो पाठवणाऱ्या सर्वच वाचकांनी पाठवण्याआधी तो एकदा मोठा करून पाहावा, ही विनंती.